जुन्या गोव्यातला काळा दरवाजा

फोंड्याला कुलदैवताचं दर्शन झालं की परतताना जुन्या गोव्याला थांबायचं, हा आमच्या घरचा ठरलेला कार्यक्रम. बॉम जीझस, समोरचं सी कॅथेड्रल, नारळपाणी, चला घरी. यंदा गर्दीमुळे गाडी सेंट कॅजेटन चर्चपाशी लावावी लागली आणि तिथे काळ्या दगडाचा एक दरवाजा दिसला. नुसता दरवाजा. दोन खांब, वर आडवी शिळा, बाजूला दगडी जाळीचे तुकडे. मागे ना भिंत, ना छप्पर. आदिलशाही वाड्याचा म्हणून तो ओळखला जातो. आम्ही उभे असताना दोन जोडपी सेल्फी काढून गेली.

शाळेत आपण एक ओळ पाठ केली : १५१० साली आल्बुकर्कने गोवा जिंकला. पण त्या दरवाजाच्या आतबाहेर माणसं राहत होती. त्यांच्या डोक्यावरचा धनी त्या एका वर्षात तीनदा बदलला. वर्षाच्या सुरुवातीला पोर्तुगीज शिरले, मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्यांना हुसकावलं, २५ नोव्हेंबरला ते परत आले. तो सेंट कॅथरीनचा दिवस. आपण ज्या कॅथेड्रलसमोर फोटो काढतो ते तिच्याच नावाचं आहे.

पुढचं आल्बुकर्कने स्वतः आपल्या राजाला पत्रात कळवलंय. चार दिवस कत्तल चालली. मुसलमान दिसेल तिथे मारला, मशिदींत कोंडून आग लावली. मेलेले अंदाजे ६,०००, बायकाही त्यात धरून. शत्रूने केलेला हा आरोप नाही, जिंकणाऱ्याने मोठ्या अभिमानाने दिलेला हिशेब आहे.

त्याच पत्रात तो म्हणतो, शेतकरी आणि ब्राह्मणांना मारू नका असं मी बजावलं होतं. 'बघा, हिंदूंशी त्याचं वैर नव्हतं,' असं मला एकाने ऐकवलं होतं. अहो, शेतं कसणार कोण? सारा भरणार कोण? शिवाय त्याला गोव्याची वाट दाखवणारा होन्नावरचा तिमय्या हिंदूच होता. १५२६ मध्ये पोर्तुगीजांनी गावकऱ्यांचे जुने हक्क रीतसर लिहूनही दिले. आणि १५४० मध्ये तिसवाडीतली, म्हणजे जुन्या गोव्याच्याच भागातली, देवळं पाडली. ज्यांना जीवदान मिळालं होतं त्यांच्या मुलांनी ते पाहिलं.

मला मात्र सगळ्यात जास्त छळतात त्या बायका. कैद केलेल्या मुसलमान बायकांना बाप्तिस्मा देऊन आल्बुकर्कने आपल्या शिपायांशी त्यांची लग्नं लावली. वर नवऱ्याला घर, जमीन. अशा संसारी शिपायांना कझादो म्हणत. इतिहासाची पुस्तकं याला 'विवाह धोरण' म्हणतात. धोरण! जिच्या घरातले पुरुष कापले गेले, तिने कापणाऱ्यांपैकीच एकासाठी चूल पेटवायची, त्याच शहरात, नवं नाव घेऊन. तिने आपल्या मुलांना आजोळाबद्दल काय सांगितलं असेल? फेसबुकवर देवळांसाठी भांडणारे आहेत, पोर्तुगीज स्थापत्यावर जीव टाकणारे आहेत. या बाईच्या बाजूने पोस्ट मी तरी वाचलेली नाही.

मीही काही तटस्थ नाही म्हणा. आमचा मंगेश मूळचा साष्टीतल्या कुशस्थळीचा, १५६० मध्ये नदीपलीकडे नेलेला. देवाला निदान पाठीवर घेऊन जाणारी माणसं होती.

दिवाडीचा सप्तकोटेश्वरही असाच नार्व्याला गेला. शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये त्याचं देऊळ बांधवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम त्या बाजूला गेलो. व्हाइसरॉयच्या कमानीखालून धक्क्यावर, फेरीबोटीने दिवाडी, बेट ओलांडून पुन्हा फेरीबोट. आमच्या मेव्हण्यांना प्रत्येक गोष्टीला घड्याळ लावायची सवय. दोन्ही बोटींचा पाण्यावरचा वेळ मिळून पंधरा मिनिटंही भरली नाहीत.