शंभर रुपयांत क्लच लोण्यासारखा? दाजी, जरा थांबा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शेवटचा घरच्या ग्रुपवर, दाजींकडून, खाली हात जोडलेले. ‘क्लच जड झालाय? गॅरेजवाल्याला हजारो रुपये देऊ नका. जुन्या मेकॅनिकचे सहा उपाय, खर्च शंभर रुपये, क्लच लोण्यासारखा.’ उपाय थोडक्यात असे. एक, क्लच केबलमध्ये इंजिन ऑइल सोडा. दोन, केबलचा नट पिळून पेडलची मोकळी चाल काढून टाका. तीन, क्लच प्लेट बदलू नका. स्प्रिंग जुनी झाली की मऊच पडते, तेव्हा पेडल जड होण्याशी प्लेटचा संबंध नाही. चार, गाडीला केबल नसेल तर क्लचचं ऑइल बदला, घाईत साधं इंजिन ऑइलही चालतं. पाच, गिअर ऑइल पातळ भरा. सहा, बदलायचीच वेळ आली तर ‘सॉफ्ट’ प्रेशर प्लेट मागा.

ग्रुपवर मी गप्प बसलो, कारण दाजींना चारचौघांत खोडून काढलं की ताईचा फोन येतो. इथे मात्र सविस्तर लिहितो, आणि सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो. तो ऐकायला सगळ्यात शहाणा वाटतो, आणि सगळ्यात जास्त चुकलेलाही तोच आहे.

स्प्रिंग जुनी होऊन मऊ पडते, मग जुन्या गाडीचा क्लच हलका व्हायला हवा. पण नव्वद हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि शोरूममधून आलेली तीच गाडी एकामागोमाग चालवून बघा. जुनीचा पेडल बहुतेक वेळा जड लागतो. का?

क्लच प्लेटला इंजिनाच्या फिरत्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर, दाबून धरते ती प्रेशर प्लेट; पेडल दाबला की ती पकड सुटते. आजच्या कारच्या प्रेशर प्लेटमध्ये गुंडाळलेल्या स्प्रिंगा नसतात. स्टीलची एक उथळ वाटीसारखी चकती असते, मध्याकडे तिला चिरा देऊन बोटं केलेली असतात. तिला डायफ्राम स्प्रिंग म्हणतात. आपण पेडल दाबतो तेव्हा रिलीज बेअरिंग, म्हणजे पायाचा जोर पुढे पोचवणारी फिरती कडी, त्या बोटांवर रेलतं. शिलाई मशीनला तेल घालायची ती पत्र्याची कुप्पी आठवा. तिचा बुडखा अंगठ्याने दाबला की आधी कडक लागतो, मग टुक् करून एकदम आत जातो आणि तिथून पुढे जोर कमी लागतो. डायफ्रामची चाल अगदी तशी आहे: आधी चढ, मग माथा, मग उतार. क्लच नवा असतो तेव्हा कंपनीने स्प्रिंग माथा ओलांडून उताराच्या बाजूला बसवलेली असते. म्हणून पाय दाबताना ती फार अंगावर येत नाही.

क्लच प्लेटचं अस्तर झिजत जातं तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि स्प्रिंगची कडा तिच्याबरोबर जाते. बोटांची टोकं उलट दिशेला, बेअरिंगकडे वर येतात. म्हणजे स्प्रिंग उतारावरून मागे येऊन माथ्याकडे बसते. आता दर वेळी पेडल दाबताना तो माथा तुमच्या पायाने ओलांडावा लागतो. अस्तराच्या एकेका बाजूला झिजायला मिळतो तो जेमतेम एक-दीड मिलीमीटर, पण या स्प्रिंगच्या दृष्टीने तेवढं अंतर पुष्कळ असतं. हीच झीज आपोआप भरून काढणारे सेल्फ-ॲडजस्टिंग क्लच काही गाड्यांत असतात. पेडलचा जडपणा वाढू नये हेच त्यांचं मुख्य काम. प्लेटचा आणि जडपणाचा संबंध नसता तर एवढा खटाटोप कोणी कशाला केला असता?

तेव्हा दाजी, वर्ष-दोन वर्षांत हळूहळू जड होत गेलेला पेडल म्हणजे बहुधा प्लेटचंच पत्र असतं. ते न वाचता केबलमध्ये तेल ओतून काय होणार?

आता केबल. इथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि अर्धा खरा असला की तो जास्त पसरतो. केबलच्या गाडीत पेडल अचानक, आठ-पंधरा दिवसांत जड झाला तर पहिला संशय केबलवरच घ्यावा. कोकणात दोन पावसाळे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीत तर नक्कीच. फक्त उपाय बाइकचा उचललाय. बाइकची जुन्या पद्धतीची केबल लिव्हरपाशी सोडवून, उभी धरून वरून तेल सोडायचं, हे आपण सगळ्यांनी केलंय. कारच्या बऱ्याच केबलींत आत प्लास्टिकचं गुळगुळीत अस्तर असतं आणि त्या कोरड्याच चालायच्या असतात. तिथे इंजिन ऑइल गेलं की चार दिवस पेडल हलका वाटतो, मग त्या तेलाला धूळ चिकटते आणि आत खरखरीत लेप तयार होतो.

केबल किती छळू शकते याचा हिशेब छान आहे. वळलेल्या आवरणातून ओढलेल्या तारेत घर्षण नुसतं वाढत नाही, ते गुणत जातं. समजा, गिअरबॉक्सच्या टोकाला १० किलोचा ओढा हवा आहे आणि केबलचे सगळे वळसे मिळून अर्धं वर्तुळ होतं. आतला घर्षणांक ०.१ असेल तर पेडलच्या टोकाला १३.७ किलोने ओढावं लागतं. गंज आणि घाण साचून तोच ०.२ झाला तर १८.७ किलो. पाच किलो वाढले आणि स्प्रिंगने काहीच केलेलं नाही. घर्षण तेवढंच राहून वळसे वाढले तरीही हेच होतं. बंपर-रेडिएटरचं काम करून आलेल्या गाडीचा क्लच अचानक जड लागला तर आधी बॉनेट उघडून बघा, केबल कुठल्या पाइपाखालून ओढूनताणून नेली आहे का. तार तुटायला लागली असेल, कुठे दुमडली असेल, तर नवी टाकायची. तेल नाही.

दुसरा उपाय, नट पिळण्याचा. हा दाजींनी मेसेजच्या आधीच खरोखर केला होता, म्हणून जरा जास्त लिहितो.

नट पिळल्याने जोर एक ग्रॅमही कमी होत नाही. फक्त क्लच वरती धरतो. पाय अर्ध्यातच गिअर पडतो, शेवटपर्यंत दाबावं लागत नाही, आणि माणसाला वाटतं हलका झाला. पण पेडलच्या सुरुवातीची ती जराशी मोकळी चाल कंपनीने उगाच ठेवलेली नसते. गाडीच्या पुस्तकात ती मिलीमीटरमध्ये दिलेली असते. ती शून्य केली की रिलीज बेअरिंग बोटांना कायम टेकून फिरत राहतं. आणि मघाशी सांगितलं तसं, प्लेट झिजली की बोटं आणखी बेअरिंगकडे येतात. म्हणजे आज शून्य ठेवलेली चाल चार महिन्यांनी शून्याच्याही खाली जाते. पाय पेडलवर नसताना क्लच थोडासा दाबलेलाच राहतो. कायमचा हाफ क्लच.

दिवाळीत पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात तेच झालं. गाडीत पाच माणसं, डिकीत फराळाचे डबे, तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडतंय आणि गाडी मात्र जागची हलायला तयार नाही. मग तो करपल्याचा वास. मागून ताई म्हणाली, ‘बाहेर कोणीतरी कचरा जाळतंय.’ कचरा नव्हता. माथ्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्यात कसंबसं रेटलं असतं, पण प्लेट वाचवायची म्हणून वळणावरच्या मोकळ्या जागेत थांबलो, पान्याने नट चार-पाच फेरे सैल केला, अर्धा तास गार होऊ दिलं आणि हळूहळू वर गेलो. ती प्लेट पुढे फार दिवस चालली नाही, हे सांगायला नकोच.



चौथ्या मुद्द्यात मात्र थट्टेला जागा नाही. केबल नसलेल्या गाडीत क्लच हायड्रॉलिक असतो: पेडलपाशी मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सपाशी क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर, मध्ये ब्रेकचंच ऑइल, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. ते ठरल्या मुदतीत बदलावं, कारण ते हवेतला ओलावा ओढतं. पण त्याने पेडल हलका होत नाही. लाइनमध्ये हवा शिरली की पेडल मऊ, स्पंजासारखा लागतो खरा, पण तो गुण नव्हे, दोष आहे: क्लच पुरता सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना कर्रर्र होतं. आणि इंजिन ऑइल? ब्रेक ऑइलसाठी बनवलेली रबरी सीलं खनिज तेलात फुगतात. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेक दोघांना ऑइल एकाच बाटलीतून जातं. म्हणजे क्लच मऊ करायला निघालेला माणूस ब्रेक घालवून बसेल. हा मेसेज पुढे पाठवला असेल तर निदान ही ओळ खोडून पुन्हा पाठवा.

गिअर ऑइलचा मुद्दा दोन-तीन वाक्यांत संपतो. कारचा क्लच कोरडा असतो, बाइकसारखा तेलात बुडालेला नसतो. गिअर ऑइलने फार तर गिअरचा दांडा हलका-जड होईल, पेडलला त्याचा पत्ताही नसतो. उलट ते ऑइल सील फुटून प्लेटवर आलं तर क्लच घसरेल.

राहिली ‘सॉफ्ट’ प्रेशर प्लेट. दुकानात मागितली तर मिळेलही. पण क्लच किती टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, पेलू शकतो ते त्या स्प्रिंगच्या दाबावरच ठरतं, त्यामुळे हिशेब करून बघू. दाब ३५०० न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलोच्या आसपास, घर्षणांक ०.३, प्लेटची सरासरी त्रिज्या ७५ मिलीमीटर, घासणाऱ्या बाजू दोन. गुणाकार येतो १५७ न्यूटन-मीटर. इंजिन ११३ न्यूटन-मीटर देत असेल तर हाताशी चांगली शिल्लक आहे. आता दाब पाव हिश्शाने कमी करा: ११८. कागदावर अजून चालतंय. पण घाटात प्लेट तापून घर्षणांक ०.२५ वर आला की उरतात ९८, आणि इंजिन मागतंय ११३. वास आलाच.

११३ हा आकडा उगाच घेतला नाही. स्विफ्टच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनाचा टॉर्क साधारण तेवढा होता, तर १.३ लिटर डिझेलचा १९०. ‘शेजाऱ्याच्या पेट्रोलचा क्लच बघ किती हलका’ म्हणून डिझेलवाले गॅरेजात भांडतात, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

फुकटात काही मिळत नाही ही यातली गोम आहे. पेडल दाबताना पाय जवळपास १४ सेंटीमीटर खाली जातो आणि प्रेशर प्लेट मागे सरते ती दीडेक मिलीमीटर. एवढी तरफ कंपनीने आधीच वापरून झालेली आहे. पेडलचा दांडा लांब करा, मास्टर सिलिंडर बारीक घाला, जोर कमी होईल, पण तेवढाच प्रवास वाढेल आणि पेडल जमिनीला टेकला तरी क्लच सुटणार नाही. क्लच पेडलच नसलेल्या गाड्याही, २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेली, गिअरही आपोआप बदलणारी एएमटी किंवा २०२० साली वेन्यूत आलेली, गिअर हाताने पण क्लच आपोआप असलेली आयएमटी, स्प्रिंग काढून टाकत नाहीत. ती दाबायला तुमच्या पायाच्या जागी यंत्र ठेवतात, एवढंच.

मग शंभर रुपयांत काहीच होत नाही का? थोडं होतं. पेडलच्या वरच्या खिळीला आणि बुशला ग्रीस लावा, कुईकुई आणि थोडा जडपणा दोन्ही जातं. पेडलजवळ हेल्पर स्प्रिंग असेल तर ती तुटली-निसटली नाही ना बघा. आणि केबलची गाडी असेल तर एक परीक्षा फुकट आहे. इंजिन बंद करून केबल गिअरबॉक्सच्या टोकाला सोडवा आणि पेडल हाताने दाबा. तरीही अडखळत असेल तर दोष केबलीत किंवा पेडलमध्ये, काम स्वस्तातलं. पेडल लोण्यासारखा गेला तर दोष पुढे आहे: बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कचा गंजलेला शाफ्ट, नळीवर अडकणारं बेअरिंग, नाहीतर ती माथ्यावर येऊन बसलेली स्प्रिंग. मग गिअरबॉक्स उतरवावाच लागेल.

उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलून घ्या, मजुरी तीच लागते. फोर्कच्या शाफ्टचे बुश साफ करून ग्रीस लावायला सांगा. दाजींच्या गाडीत नवा सेट पडला, पण शाफ्टला कोणी हात लावला नव्हता. पेडल अजून थोडा अडखळतोच, आणि दाजी म्हणतायत, केबलमध्ये जरा तेल सोडून बघू का?