ईलायच्या सोबतीला कोण होतं?

पुतण्याने घरच्या ग्रुपवर टाकलं, "काका, तुमच्या गावचा पिक्चर बघितला. डोक्याला नुसता ताप." माझं गाव म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीअलीकडचं फ्रीमाँट आणि पिक्चर म्हणजे २०१० सालचा 'द बुक ऑफ ईलाय'. तो अल्काट्राझ बेटावर संपतो, एवढंच माझं त्याच्याशी नातं.

गोष्ट थोडक्यात अशी. महायुद्धात जग जळून तीस वर्षं झालीत. युद्ध पेटलं ते धर्मामुळेच असं म्हणत लोकांनी बायबलं शोधून शोधून जाळली. एकच प्रत उरली, ती ईलायच्या म्हणजे डेन्झेल वॉशिंग्टनच्या पाठपिशवीत. ती घेऊन तो तीस वर्षं पश्चिमेकडे चालतोय. वाटेतल्या एका गावाचा दादा कार्नेगी, म्हणजे गॅरी ओल्डमन, त्या पुस्तकासाठी जीव टाकतोय, कारण त्या शब्दांवर माणसं वाकवता येतात हे त्याला ठाऊक आहे. अखेर पुस्तक त्याच्या हाती लागतं, तर ते निघतं अंधांच्या ब्रेल लिपीतलं, त्याला वाचताच न येणारं. इकडे ईलाय अल्काट्राझला पोचून अख्खं बायबल तोंडपाठ सांगतो आणि ते उतरवून घेतलं जातं.

पुतण्या इंजिनिअर, त्याने हिशेबच मांडला. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला चालत जायला तीस वर्षं? मीही आकडे घालून बघितले. अंतर साधारण पावणेपाच हजार किलोमीटर. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरचे अडीचशे किलोमीटर अठरा-वीस दिवसांत कापते, तेही भजन, रिंगण, मुक्काम सांभाळून. त्या चालीनेसुद्धा ईलाय वर्षभरात समुद्राला लागला असता. ब्रेल बायबलचंही तेच. खरं ब्रेल बायबल म्हणजे दीड डझनभर जाडजूड खंड, ते पाठपिशवीत मावत नाही, त्याला हातगाडी लागते. माझी स्वतःची शंका आणखी साधी. १९०८पासून इथल्या हॉटेलांच्या खोल्यांत बायबलं ठेवली जाताहेत. कामानिमित्त मी राहिलेल्या कित्येक खोल्यांत टूथपेस्ट नव्हती, पण टेबलाच्या खणात बायबल होतं. इतके खण धुंडाळून जाळणारं शिस्तबद्ध सैन्य जगबुडीनंतर आणायचं कुठून?

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग पुतण्याने लिहिलं, "आणि एवढं पाठ? शक्यच नाही." मी काडी टाकली, "मग इंद्रायणीत बुडवलेली तुकोबांची गाथा कशी तगली रे?" तो पटकन लिहून बसला, "लोकांच्या तोंडी होती म्हणून." आपणच आपल्याला खोडलं हे त्याच्या लक्षात येईपर्यंत दादा उतरलाच मैदानात, "लोकांच्या तोंडी होतीच, पण वह्याही तेराव्या दिवशी इंद्रायणीतून वर आल्या. कोरड्या." पुढचे चार दिवस ग्रुपवर ईलाय कुठच्या कुठे गेला. रामेश्वर भट, चमत्कार, लोकगंगा, कोण कोणाच्या श्रद्धेवर पाय देतंय, यावर घर दुभंगलं. वहिनीने शेवटी उपवासाच्या थालीपिठाचा फोटो टाकला तेव्हा कुठे शांतता.

मला विचाराल तर ईलायने पाठ केलं यात नवल काहीच नाही. त्याने पाठ केलेल्या सतराव्या शतकातल्या किंग जेम्स या इंग्रजी बायबलात पावणेआठ लाखांवर शब्द आहेत, ओझं मोठंच. पण ऋग्वेदाच्या दहा हजारांवर ऋचा मुखोद्गत असलेली माणसं आजही आहेत, कुराण पाठ असलेले हाफिज तर गावोगावी. मला खटकतं ते वेगळंच. तीस वर्षं हा माणूस एकटा होता. चुकला तर टोकणार कोण? पाठशाळेत एकाची संथा दुसरा ऐकत असतो. घनपाठ या वेदपठणाच्या रीतीत शब्द पुढे-मागे फिरवून म्हणायचे असतात, त्यामुळे चूक लपत नाही. दिंडीत एखाद्याचं चरण निसटलं तर शेजारचा टाळकरी उचलून धरतो. पाठांतर हे चारचौघांचं काम आहे. रस्त्यावरचा एकटा नायक ही इथल्या सिनेमाची जुनी हौस, आणि मला वाटतं कथानक खरं तिथेच लटकं पडतं.

शिवाय इतकं करूनही एकच पाठ, म्हणजे मजकुराचं एकच रूप, उरतं असं नाही. महानुभावांच्या लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ते आठवून आठवून पुन्हा उभं केलं. परिणाम काय, तर हिराइसेचा पाठ वेगळा, पिढीपाठ वेगळा, आणि अभ्यासक अजून ताडून बघताहेत. अल्काट्राझवर मात्र लिहून घेणारा एकदाही थांबून विचारत नाही, "हे असंच होतं ना?" छापलेलं बायबल ज्यूंचा धर्मग्रंथ आणि कुराण यांच्यामध्ये फळीवर ठेवलं जातं, एवढं दृश्य मला मनापासून आवडलं. आमच्या ग्रुपवर त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

ऑफिसातला माझा एक सहकारी दर रविवारी नेमाने चर्चला जातो. मला वाटलं, त्याला हा सिनेमा प्रिय असणार. तो म्हणाला, रस्त्यात एका जोडप्यावर लुटारू तुटून पडतात आणि ईलाय आडोशाला उभा राहून बघतो, आपण आपली वाट सोडायची नाही असं स्वतःला बजावत. "तिथेच माझं मन उतरलं," असं तो म्हणाला. पुढे ईलाय स्वतःच कबूल करतो की पुस्तक जपण्याच्या नादात त्यात सांगितल्याप्रमाणे वागायचं राहून गेलं. सहकाऱ्याला शब्द किती बरोबर पाठ होते याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या घरात चार दिवस वाद झाला तो वह्या भिजल्या की नाहीत यावर. त्या वह्यांत काय लिहिलंय, तो अभंग एकानेही उद्धृत केला नाही. मीही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझं म्हणाल तर इथे येऊन एकवीस वर्षं झाली. चिंचवडला असताना संध्याकाळी देवळात हरिपाठ म्हणायचो, पुस्तक कधी हातात धरलं नाही. इथे गाडी चालवताना एकटाच म्हणायला लागलो की आठव्या-नवव्या अभंगाशी गाडी अडते. अकरावा दहाव्याच्या आधी येतो आणि मला पत्ताही लागत नाही. मुलगी मागच्या सीटवर असते, पण तिला चूक कळायला आधी हरिपाठ यायला हवा.

म्हणून गेल्या महिन्यात दादाला म्हटलं, देवळात फोन चालू ठेव, मी इथून साथ करतो. तिथली संध्याकाळ म्हणजे माझी पहाट, चहा घेऊन बसलो. आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, त्यामुळे मी प्रत्येक चरण सगळ्यांच्या मागून म्हणत होतो. तिसऱ्या अभंगाला टाळकरी गोंधळले. दादाने माझा आवाज बंद केला आणि खाली लिहिलं, "तू नुसतं ऐक."