बेल कैदेत नव्हती

‘ब्यूटी अँड द बीस्ट’वर बेतलेली एखादी फँटसी रोमान्स कादंबरी गाजली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ही गोष्ट म्हणजे स्टॉकहोम सिंड्रोम. डांबून ठेवलेली मुलगी डांबणाऱ्याच्याच प्रेमात पडते आणि त्याचा आडदांडपणा सोसून त्याला सुधारते. मुलींनी ठरवलेल्या लग्नाला मुकाट होकार द्यावा म्हणूनच ती रचली गेली, त्यामुळे ती नव्याने लिहिणं म्हणजे अत्याचाराचं उदात्तीकरण. यातला एक मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे मूळ कथेपुढे टिकत नाहीत.

डांबून ठेवल्याचं आधी पाहू. या कथेची दोन फ्रेंच रूपं महत्त्वाची. पहिलं गॅब्रिएल-सुझान द व्हिलनव्ह यांचं, १७४० सालचं, कादंबरीएवढं लांब. दुसरं झान-मारी लप्रँस द बोमाँ यांनी १७५६ साली मुलांसाठी केलेलं, काही पानांचं. आज सांगितली जाते ती बहुतांशी बोमाँची गोष्ट. तीत व्यापारी गुलाब तोडतो, श्वापद त्याला मरणाची शिक्षा फर्मावतं आणि एक सवलत देतं: एखादी मुलगी स्वखुशीने तुझ्याऐवजी मरायला तयार असेल तर तू सुटलास. बापाच्या जिवाची धमकी ही सक्तीच आहे, ती नाकारून चालणार नाही. पण बाप स्वतः परत जाऊन मरायला निघालेला असतो, भाऊ श्वापदाशी लढायला तयार असतात, आणि व्यापाऱ्याची धाकटी मुलगी बेल हट्टाने जाते. वाड्यात श्वापदाचा पहिला प्रश्नच असतो, तू आपल्या मर्जीने आलीस का?

तिथे तिच्या नावाचं दालन असतं, पुस्तकांचं मोठं कपाट असतं, आणि एका पुस्तकात सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असतं की इथली राणी आणि मालकीण तू आहेस, हवं ते माग. जेवताना तुला पाहत बसू का, असं श्वापद विचारतं. तुम्ही इथले धनी, असं ती म्हणते. त्यावर ते सांगतं, इथे तुझ्याशिवाय कुणाचीच सत्ता नाही, माझा त्रास वाटला तर जा म्हण, मी लगेच निघून जाईन. मग ते लग्नाचं विचारतं. ती नाही म्हणते. ते उसासा टाकून जातं. तीन महिने रोज हाच प्रश्न आणि हेच उत्तर. व्हिलनव्हच्या कथेत तर प्रश्न लग्नाचा नसून थेट शय्येचा आहे, आणि तिथेही नकार निमूट मानला जातो.

कथेचा सांधा मात्र पुढे आहे. वडील झुरत असल्याचं आरशात दिसल्यावर बेल माहेरी जायला मागते, आणि श्वापद तिला सोडतं. व्हिलनव्हकडे मुदत दोन महिन्यांची, बोमाँकडे आठवड्याची. परतायचं झालं की निजताना अंगठी मेजावर काढून ठेवायची, एवढंच. बहिणी केस उपटत शोकाचं सोंग करतात आणि तिला आणखी अडकवतात. दहाव्या रात्री तिला श्वापद मरत असल्याचं स्वप्न पडतं, ती अंगठी काढते आणि परत जाते. होकार त्यानंतर येतो, म्हणजे स्वतःच्या घरातून स्वतःच्या मर्जीने परतलेल्या बाईचा तो होकार आहे.

मग कोठडी आली कुठून? डिस्नेच्या १९९१च्या अ‍ॅनिमेशनपटातून. गुरगुरणारा, आदळआपट करणारा बीस्टही तिथलाच. आक्षेप त्या चित्रपटावर घेता येईल, तरी त्यातही तो तिला प्रेमाची कबुली मिळण्याआधी मोकळं करतो.

‘स्टॉकहोम सिंड्रोम’ हा शब्दही सांभाळून वापरायला हवा. २३ ऑगस्ट १९७३पासून स्टॉकहोममधल्या एका बँकेत चार जण सहा दिवस ओलीस होते. त्यांच्या वागण्यावरून ही कल्पना मांडली ती पोलिसांना सल्ला देणारे मानसोपचारतज्ज्ञ निल्स बेयरोट यांनी. ओलिसांपैकी एकीने पंतप्रधानांशी फोनवर बोलताना पोलिसांच्या कारवाईचीच जास्त भीती वाटते असं सांगितलं होतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम’ या निदानपुस्तिकेत हा विकार म्हणून नाही.

श्वापदाला सुधारण्याचा मुद्दा लवकर आटोपतो. बोमाँचं श्वापद कुरूप आहे आणि बोलण्यात मंद आहे, पण दुष्ट नाही. बेलच्या एका बहिणीचा नवरा देखणा आणि स्वतःवरच खूष, दुसरीचा हुशार, आणि ती हुशारी बायकोपासून सगळ्यांना टोचण्यात खर्च करणारा. ते दोन संसार पाहूनच बेलला कळतं की नवऱ्यात रूप आणि बुद्धीपेक्षा स्वभाव चांगला हवा.

ठरवलेल्या लग्नाचा मुद्दा अर्धा खरा. बोमाँ शिक्षिका होत्या आणि त्यांच्या वाचक मुलींची लग्नं घरचेच जुळवत. पण शेजारी पंचतंत्रातली सर्पवराची गोष्ट ठेवून पाहा. ब्राह्मणाचा मुलगा साप आहे हे मुलीला लग्नाच्या वेळी कळतं. लोक तिला अडवतात, तर ती म्हणते, कन्या एकदाच दिली जाते. पुढे सासरा कात जाळतो आणि मुलगा माणूस राहतो. मुकाट होकाराची शिकवण हवी असेल तर ती इथे आहे. फ्रेंच कथेत रोज विचारावं लागतं, हा फरक लहान नाही.

नवी रूपं बिघडतात ती नेमकी इथे. रोजचा प्रश्न, मानलेला नकार, माहेरची मोकळीक आणि आपणहून परतणं, हे चार टप्पे प्रणयाला पेलून धरतात. लेखक बहुधा तिसरा गाळतात, कारण नायक-नायिका दूर गेले की वेग मंदावतो असं त्यांना वाटतं. तो गाळला की कथा खरोखरच कैदेची होते, कारण वाड्याच्या भिंतींत दिलेला होकार कशाचा आहे हे वाचकाला कळायला मार्गच उरत नाही. दुसरी चूक म्हणजे नायिका बाहेर पडताच तिच्यावर संकट आणून तिला वाड्याकडे पळायला लावणं. बोमाँकडे माहेरी बेलला कसलंच भय नाही, म्हणून तिच्या परतण्याला वजन आहे.

टीकाकारांना खरी कमकुवत जागा हवी असेल तर ती निरोपाच्या प्रसंगात आहे. तू तिकडेच राहिलीस तर मी दुःखाने मरेन, असं श्वापद बेलला तिथे सांगतं. ते ओझं तिच्यावर टाकायला नको होतं. नव्याने लिहिणाऱ्याने ते वाक्य काढावं आणि अंगठी तिच्या हातात देऊन नायकाला गप्प ठेवावं.