टीव्हीवाल्यांच्या दारी पिशवी घेऊन जावे

टोकियोत ओदाइबाला फुजी टीव्हीचं मुख्यालय बघायला निघालाच असाल, तर आधी एक खूळ डोक्यातून काढून टाका. तिथं टीव्ही कसा चालतो ते दिसेल, हे खूळ. त्याला घरचा रिमोट पुरतो. तिथं जायचं ते पिशवी घेऊन.

युरिकामोमे गाडीनं जा. तिला चालक नसतो, त्यामुळे पुढच्या काचेमागची जागा तुमचीच. एखादं पोर तिच्यावर टपून असेल तर खुशाल सरकवा. पूर्ण तिकीट तुम्ही काढलंय.

इमारत लांबूनच दिसते. वास्तुकार केन्झो तांगे यांनी तिच्यात ३२ मीटर व्यासाचा, १,२०० टनांचा, टायटॅनियमनं मढवलेला गोळा अडकवून ठेवलाय. कंपनी १९९७ साली इथं राहायला आली. बातम्या द्यायला एवढा गोळा कशाला, असं गाइडला विचारू नका. गोळ्यात जायला तिकीट आहे, त्यातच उत्तर आलं. देवळाला कळस असतो तसा हा. फक्त इथं कळसाचं दर्शन वेगळ्या रांगेत.

सातव्या मजल्यावरची गच्ची मात्र फुकट. म्हणून हुरळू नका, तिथवर जाता-येता दुकानं आहेत. वाहिनीच्या डोळ्याचं बोधचिन्ह असलेलं किचेन, कार्टूनमधल्या पात्रांचे रुमाल, बिस्किटांचे डबे. डब्यावर आत किती नग ते छापलेलं असतं. ऑफिसातली डोकी मोजा, साहेबांचे दोन धरा. पैसे हातात द्यायचे नाहीत, गल्ल्यापुढच्या छोट्या तबकात ठेवायचे. तबक दिसलं की आपला हात आपसूक कपाळाकडे जातो, तेवढा आवरा.

आणि दुकान थाटलं म्हणून त्यांना नावं ठेवू नका. जानेवारी २०२५ मध्ये एका प्रकरणावरून जाहिरातदारांनी एकामागून एक पाठ फिरवली, तेव्हा लोकांच्या लक्षात आलं की या उद्योगसमूहाला टीव्हीपेक्षा जमीन, इमारती आणि हॉटेलांतच जास्त नफा आहे. आता यातला धंदा कोणता आणि जोडधंदा कोणता, हे तुम्ही पावती हातात घेऊन ठरवा.

शेवटी गोळ्यात चढाच. रेनबो ब्रिजशेजारी पाण्यात एक हिरवा चौकोन दिसेल. १८५३ मध्ये अमेरिकेची काळी जहाजं येऊन गेल्यावर, परक्यांना थोपवायला शोगुनशाहीनं, म्हणजे तेव्हाच्या जपानी लष्करी राजवटीनं, तोफांसाठी असे बुरूज बांधायला घेतले. ओदाइबातला 'दाइबा' म्हणजे तेच. त्याच्यासोबत फोटो हवाच. दोन्ही हातांत पिशव्या असतील, तर शेजारच्या अमेरिकन पाहुण्याला काढायला सांगा. त्याचा एक हात मोकळा असला तर.