‘डावा पाय वापरा की!’ म्हणणाऱ्यांना

पायाच्या दुखापतीनंतर गाडी कशी चालवायची, यावर एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. थोडक्यात तो असा: गाडीत बदल करायच्या भानगडीत पडू नका. ऑटोमॅटिक घ्या, प्लास्टर निघालं की सुरू करा, उजवा पाय साथ देत नसेल तर डावा वापरा. हँड कंट्रोल, म्हणजे पेडलं हाताने चालवायचं साधन, दोन्ही पाय गेलेल्यांसाठी असतं. हाताने ब्रेक नीट लागत नाही आणि गाडीची वाट लागते ती वेगळीच. अगदीच हवं असेल तर ओळखीच्या वेल्डरकडून एक दांडा लावून घ्या.

यातला पहिला सल्ला अर्धा खरा आहे, आणि त्याच्या आडोशाने बाकीचे खपून जातात.

ऑटोमॅटिक घेतली की प्रश्न मिटतो, हे डाव्या पायापुरतं बरोबर. स्टिअरिंग उजवीकडे असो की डावीकडे, पेडलांचा क्रम तोच: डावीकडे क्लच, मधे ब्रेक, उजवीकडे अ‍ॅक्सिलरेटर. क्लच गेला की डाव्या पायाला काम उरत नाही. तो गुडघ्यात वाकत नसेल तरी सीट मागे सरकवून पाय लांब ठेवायला जागा मिळाली की बहुतेकांचं भागतं. आहे तीच गिअरची गाडी ठेवायची असेल, तर क्लच दाबायचं काम मोटरकडे सोपवणारी यंत्रणाही बसवता येते. गिअरच्या दांड्यावर बटण असतं, ते दाबायचं. उजव्या पायाला मात्र ऑटोमॅटिकमध्ये काडीची सूट नाही. ब्रेकही त्याचाच, अ‍ॅक्सिलरेटरही त्याचाच. मेसेज लिहिणाऱ्याने नुसतं ‘पाय’ म्हटलंय. कुठला पाय, हे विचारल्याशिवाय या विषयावर एक ओळही लिहिता येत नाही.

प्लास्टर निघालं की सुरू करा, हा सल्ला मला सगळ्यात बेजबाबदार वाटतो. प्लास्टर निघालं म्हणजे हाड जुळत आलंय. घोटा झटकन वर-खाली होतो का, तळव्याला पेडलचा दाब नीट कळतो का, दुखायच्या भीतीने पाय क्षणभर अडखळतो का, यातलं काहीच त्यावरून समजत नाही. उजव्या घोट्याच्या फ्रॅक्चरवर शस्त्रक्रिया झालेल्यांना ब्रेक दाबायला किती वेळ लागतो, हे सिम्युलेटरवर मोजणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वेळ पूर्ववत व्हायला शस्त्रक्रियेपासून ९ आठवडे लागले होते. ताशी ७२ किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २० मीटर कापते. पाय पाव सेकंद उशिरा पडला तर गाडी ५ मीटर पुढे जाऊन थांबणार. सहा-आठ आठवड्यांत बरी होणारी दुखापत असेल तर गाडीत काहीही बदलू नका, तेवढे दिवस चालवूच नका. मेसेजमधलं ‘बदल करू नका’ एवढं इथे लागू पडतं, पण भलत्याच कारणाने.

आता डावा पाय. सांगणाऱ्याला हे सोपं वाटतं, कारण सांगताना तो उभा असतो. सीटवर बसून करून बघा. डावा पाय तिरका करून उजवीकडच्या अ‍ॅक्सिलरेटरवर न्यायचा म्हणजे तो ब्रेकवरून ओलांडावा लागतो. टाचेला टेकायला जागा नाही, कंबर पिळलेली, गुडघा स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला लागतोय. चवड्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बुटाची टाच ब्रेकवर घासते. आणि दुखरा उजवा पाय ठेवायचा कुठे? तो तिथेच, पेडलांच्या पुढ्यात पडलेला.

काहीजण उजव्याने अ‍ॅक्सिलरेटर आणि डाव्याने ब्रेक अशी वाटणी करतात. शर्यतीतले ड्रायव्हर डाव्या पायाने ब्रेक मारतात, ते खरं आहे. पण त्यांनी तो पाय तयार केलेला असतो. गिअरच्या गाडीवर वर्षानुवर्षं चाललेल्या माणसाच्या डाव्या पायाला एकच काम ठाऊक असतं, क्लच तळापर्यंत खाली नेणं. तोच पाय ब्रेकवर ठेवा, पहिल्याच दाबाला गाडी जागच्या जागी आदळल्यासारखी थांबते आणि मागचा शिव्या घालतो. काही दिवसांनी पाय हलका होतो, पण मग तो ब्रेकवर नुसताच टेकून राहायला लागतो: मागचे लाल दिवे सतत पेटलेले, ब्रेक तापलेले. शिवाय दुखरा उजवा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून वेळेवर उचलला गेला नाही, तर दोन्ही पेडलं एकदम दाबली जाणार.

यावर सरळ उपाय आहे, तो मेसेजात नाही. ब्रेकच्या डावीकडे दुसरा अ‍ॅक्सिलरेटर बसवतात. उजवीकडचं पेडल झाकलं जातं किंवा बिजागरीवर वर दुमडतं, म्हणजे एका वेळी एकच चालतं. टाच खाली टेकते, पाय सरळ राहतो. फक्त क्रम उलटा होतो: ब्रेक आता अ‍ॅक्सिलरेटरच्या उजवीकडे. घाबरलेला माणूस जुन्या सवयीने पाय टाकतो, म्हणून हे मोकळ्या मैदानात, शिकवणाऱ्याला शेजारी बसवून, पाय आपोआप योग्य जागी पडेपर्यंत घोटावं लागतं. आणि त्या गाडीची किल्ली घरातल्या दुसऱ्याला देताना पेडल मूळ जागी आणायचं विसरलात तर धोका त्याला आहे.

हँड कंट्रोल दोन्ही पाय गेलेल्यांसाठीच, हेही असंच ठोकून दिलेलं. एकच साधन सगळ्यांना, असं इथे नसतं. कुठली हालचाल गेली आहे ते बघून तेवढ्यापुरता पर्याय काढतात. पायाचा मज्जातंतू दुखावून पाऊल वर उचलता येत नाही, अशा माणसाचा पाय दिसायला धडधाकट असतो, पण अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर जाताना पुढचा भाग पेडलच्या कडेला अडकतो. त्याला हाताचं साधन लागू शकतं. उलट बाजूचं उदाहरण इटलीचा शर्यतीतला ड्रायव्हर आलेस्सांद्रो झानार्दीचं. २००१ च्या शर्यतीतल्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले. २००५ मध्ये जागतिक टूरिंग कार मालिकेतली शर्यत त्याने जिंकली, तेव्हा अ‍ॅक्सिलरेटर हाताने होता, पण ब्रेक तो कृत्रिम पायाने दाबायचा. आणि हाताने वेग कमीजास्त करणं हे काही नवं खूळ नाही. १९०८ साली बाजारात आलेल्या फोर्डच्या मॉडेल टीला तीन पेडलं होती, त्यात अ‍ॅक्सिलरेटरचं एकही नव्हतं; तो दांडा स्टिअरिंगपाशी होता.

हाताने ब्रेक नीट लागत नाही? नेहमीच्या यांत्रिक हँड कंट्रोलमध्ये स्टिअरिंगखालच्या दांड्याला जोडलेली सळई तेच मूळ ब्रेक पेडल दाबते. पुढे तेल तेच, दाबाचा जोर वाढवणारा बूस्टर तोच. जोर पायाचा की हाताचा, हे ब्रेकला कळायचा प्रश्नच नाही. ब्रेकसाठी दांडा पुढे ढकलायचा आणि वेगासाठी स्वतःकडे ओढायचा किंवा मांडीकडे खाली दाबायचा, ही दिशा विचार करून ठरवलेली आहे: जोरात ब्रेक लागला की शरीर पुढे जातं, तळहात आणखी ढकलला जातो, ब्रेक सुटत नाही. खऱ्या अडचणी दुसऱ्याच आहेत. इंजिन बंद पडलं तर दोन-चार दाबांनंतर बूस्टरची मदत संपते, पेडल दगडासारखं होतं आणि दंडाचा जोर मांडीपेक्षा कमी पडतो. म्हणून खांद्याची आणि हाताची ताकद आधी तपासून घ्यावी लागते. एक हात कायम दांड्यावर, म्हणजे स्टिअरिंग एका हाताने. त्यासाठी स्टिअरिंगच्या चाकावर फिरती मूठ बसवतात, आणि इंडिकेटर, हॉर्नची बटणं हाताजवळ आणतात.

गाडीची वाट लागते यात तथ्य कमी. बहुतेक साधनं नटबोल्टची असतात, पेडलं पायाने चालवायला मोकळीच राहतात, विकताना काढता येतात.

वाट लावतो तो वेल्डर. दोष त्याच्या हातात नाही, त्याला काय सांभाळायचं ते कुणी सांगितलेलं नसतं. टक्कर झाली की स्टिअरिंगचा खांब दबून आत जाईल अशी रचना असते. त्याला आडवी पट्टी डागली की ती रचना गेली. गुडघ्यापाशी एअरबॅग असेल तर तिच्या वाटेत सळई. सांध्यातला नट हादऱ्यांनी ढिला होऊन अ‍ॅक्सिलरेटर खालीच अडकला, तर ब्रेकसाठी हात एकच आहे आणि तो त्याच दांड्यावर आहे. शिवाय केलेला बदल लायसन्सवर आणि विम्यात नोंदवावा लागतो. युरोपातल्या लायसन्सवर त्यासाठी आकडेच ठरलेले आहेत: १५ क्लचसाठी, २० ब्रेकसाठी, २५ अ‍ॅक्सिलरेटरसाठी. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न त्या दांड्यावरच काढेल.

बसवून देणारा कुणीही असो, गाडी ताब्यात घेताना इंजिन बंद ठेवून ब्रेकचा दांडा पूर्ण जोराने ढकलून धरा. सळई वाकताना दिसली, सांध्यात खडखड आली किंवा दांडा डॅशबोर्डला टेकला, तर गाडी तिथेच ठेवून या. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, मूठ गुडघ्याला किंवा दांड्याला लागते का. शेवटी वेगाचा दांडा ओढून एकदम सोडा. तो स्वतःहून, पूर्ण मूळ जागी, दर वेळी जायला हवा.