लिफ्ट बँड आहे

एका शब्दासाठी माणसाला किती छळावं?

मी सोसायटीचा सेक्रेटरी. घोडबंदर रोडला चौदा मजली बिल्डिंग. सकाळी साडेसहाला एका हातात दुधाच्या पिशव्या, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने ग्रुपवर मेसेज टाकला. इंग्रजी अक्षरं टाइप केली की मराठी करून देणारा तो दीडशहाणा कीबोर्ड. मी दाबलं बी-ए-एन-डी, त्याने केलं 'बँड'. "ए विंगची लिफ्ट आज बँड आहे."

चूक दिसल्यावर घाईघाईत खुलासा टाकला. तो असा पोचला: "बँड नव्हे, बँड वाचावे."

झालं. आठ महिने झाले. आमच्याकडे आता काही बंद होतच नाही, सगळं बँड होतं. शुक्रवारी पाणी बँड. रात्री अकराला गेट बँड. वॉचमन तर बिचारा गंभीर चेहऱ्याने सांगतो, "साहेब, इंटरकॉम बँड पडलाय." त्याला वाटतं, ठाण्यात असंच म्हणत असतील. परवा जनरल बॉडीत टाकीसफाईचा खर्च वाचत होतो, तर मागून आवाज, "आता विषय बँड करा!" शाळेत शुद्धलेखनात कधी मार्क गेला नाही हो माझा!

लेक म्हणते, "बाबा, चिडता काय? शब्द असेच होतात." कीबोर्डवर ओच्या शेजारी पी, म्हणून 'ओन्ड'चं 'पोन्ड' झालं, गेममध्ये कुणाला लोळवलं की पोरं तेच म्हणतात. जुन्या बटणांच्या फोनवर 'कूल' आणि 'बुक' दोन्हींना 2665च दाबायचं. फोन आधी 'बुक' दाखवायचा, तर इंग्लंडातली पोरं कूल गोष्टीला सरळ बुक म्हणायला लागली. आणि डिसेंबर 2013 मध्ये बिटकॉइन गडगडत असताना एकाने व्हिस्की ढोसून 'होल्डिंग'चं 'होडलिंग' लिहिलं. आता भाव पडला तरी न विकणं म्हणजे 'होडल'.

अगं, तो प्यायलेला होता! मी दूध आणायला गेलो होतो! आणि त्याला रोज लिफ्टमध्ये गाठून "काय काका, आज काय बँड?" विचारणारं शेंबडं पोर नाही.

काल लिफ्टच्या दाराला नवी पाटी लागली. लाल अक्षरं, लॅमिनेशन केलेली. मजकूर म्हणे ग्रुपवरूनच उचलून छापायला दिला. बिलावर सही माझीच घेतली.