एका बनावट लेखावरून सामाजिक शास्त्रं निकालात काढता येत नाहीत

एक मजकूर गेली काही वर्षं पुन्हा पुन्हा फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, सार असं: ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने 1996 मध्ये मुद्दाम अर्थहीन लेख लिहिला आणि तो समाजशास्त्राच्या नामांकित जर्नलमध्ये तज्ज्ञांनी तपासून छापला. 2018 मध्ये तिघांनी तेच पुन्हा करून दाखवलं. विज्ञानात असं होऊ शकत नाही, कारण तिथे कसोटी असते. सामाजिक शास्त्रांतली थिअरी म्हणजे जड शब्दांची उतरंड, तेव्हा तिच्यावर सरकारने पैसा घालणं थांबवावं.

यातलं थोडं खरं आहे, बरंचसं चुकीचं आहे, आणि निष्कर्ष तर पूर्णपणे निराधार आहे. सामाजिक शास्त्रांत एम.ए., पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींना हा मजकूर घरच्यांकडून, मित्रांकडून ऐकावा लागतो. त्यामुळे त्यातली विधानं एकेक करून तपासायलाच हवीत.

पहिलं विधान: “तज्ज्ञांनी तपासून छापला.” नाही. ‘सोशल टेक्स्ट’ हे ड्यूक युनिव्हर्सिटी प्रेसचं नियतकालिक. त्या काळात तिथे बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण करून घेण्याची पद्धत नव्हती, संपादक मंडळच लेख निवडायचं. ‘सायन्स वॉर्स’, म्हणजे विज्ञान कितपत वस्तुनिष्ठ आहे यावरचा वाद, या नावाचा विशेषांक निघत होता आणि एक भौतिकशास्त्रज्ञ आपल्या बाजूने लिहितो आहे याचं संपादकांना अप्रूप वाटलं. लेखातला तत्त्वज्ञानाचा पसारा आणि तळटीपा कमी करा असं त्यांनी सोकलना सुचवलं होतं. त्यांनी नकार दिला, तरी लेख छापला गेला. संपादकांची ही चूक गंभीर होती आणि तिच्यावर पांघरूण घालायचं कारण नाही. युक्लिडचा π आणि न्यूटनचा G हे स्थिर नसून इतिहासाने घडवलेले आहेत, अशा अर्थाचं वाक्य त्या लेखात होतं. हे वाक्य विज्ञान शाखेच्या कोणत्याही बारावीच्या मुलाला दाखवलं असतं तरी त्याने हात वर केला असता. संपादकांनी एकाही भौतिकशास्त्रज्ञाला विचारलं नाही. पण यातून दिसतं ते एवढंच की परीक्षण टाळलं तर काय होतं. परीक्षण करूनही हेच होतं, असं यातून दिसत नाही.

“समाजशास्त्राचं जर्नल” हेही चूक. ‘सोशल टेक्स्ट’ सांस्कृतिक अभ्यासाचं, राजकीय भूमिका घेणारं नियतकालिक. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानववंशशास्त्र आणि सामाजिक शास्त्रांचं तत्त्वज्ञान यांचा त्याच्याशी संबंध दूरचा. सोकलना ज्या विचारावर हल्ला करायचा होता, म्हणजे वैज्ञानिक ज्ञान हे फक्त समाजाने ठरवलेलं असतं हा सापेक्षतावाद, त्याच्यावरचा वाद सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानात आधीपासून कडाक्याने चालू होता. विज्ञानाचे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लूर यांनी 1976 मध्ये ‘स्ट्राँग प्रोग्रॅम’ मांडला: खरा ठरलेला सिद्धान्त असो की खोटा ठरलेला, दोन्हींची समाजशास्त्रीय कारणं एकाच पद्धतीने शोधा. 1981 मध्ये तत्त्वज्ञ लॅरी लॉडन यांनी ‘फिलॉसॉफी ऑफ द सोशल सायन्सेस’ या जर्नलमध्ये त्यावर सडकून टीका केली. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी याला ‘विज्ञानाचं छद्मविज्ञान?’ असं विचारलं होतं. ब्लूर यांनी त्याच वर्षी त्याच जर्नलमध्ये उत्तर दिलं. सोकलच्या लेखाच्या पंधरा वर्षं आधीची ही गोष्ट. उघडपणे, नाव घेऊन, युक्तिवाद समोर ठेवून झालेली. हे जर्नल सोकल प्रकरणाच्या गदारोळात कुणाला आठवलं नाही, कारण गंभीर वादाची बातमी होत नाही.

आणि सोकल स्वतः काय म्हणाले? त्यांनी पुढे या प्रकरणातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. नुसता लेख छापला गेला यावरून फार काही सिद्ध होत नाही, एका नियतकालिकाचे संपादक कर्तव्यात कमी पडले एवढंच म्हणता येईल, संपूर्ण अभ्यासशाखा फोल आहे असं मुळीच नाही, ही त्यांची भूमिका. सोकलचं नाव घेऊन सोकलनेच नाकारलेला निष्कर्ष पसरवला जातो आहे.

2018 चं प्रकरण. पीटर बोघोसियन, जेम्स लिंडसे आणि हेलन प्लकरोझ यांनी 20 बनावट लेख वेगवेगळ्या जर्नलांकडे पाठवले. प्रकार उघड झाला तेव्हा 7 स्वीकारले गेले होते, त्यांपैकी 4 छापून आले होते. 7 प्रक्रियेत अडकलेले होते आणि उरलेले 6 त्या तिघांनी स्वतःच सोडून दिले होते. सर्वांत गाजलेला लेख कुत्र्यांच्या बागेतल्या वर्तनाबद्दलचा. त्यात हजारो कुत्र्यांच्या निरीक्षणांची आकडेवारी होती आणि ती सगळी बनावट. इथेच मेख आहे. परीक्षक लेख वाचतो, लेखकाच्या मागे बागेत जाऊन मोजणी करत नाही. खोटी आकडेवारी दिली तर तो कोणत्याही विषयात फसतो. शिवाय याच धर्तीचे लेख रसायनशास्त्राच्या किंवा वैद्यकाच्या जर्नलांना पाठवून तुलना केलेली नव्हती. तुलनेसाठी दुसरा गट नसताना ‘फक्त याच विषयांत असं होतं’ असा दावा विज्ञानाच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्येही मान्य होणार नाही.

“विज्ञानात असं होऊ शकत नाही.” 2013 मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकासाठी जॉन बोहॅनन यांनी एक बनावट लेख तयार केला. लायकेनपासून (दगडफुलापासून) मिळालेला रेणू कर्करोगाच्या पेशींची वाढ थांबवतो, असा त्यात दावा होता. मात्रा वाढवली की परिणाम वाढतो असं मजकूर म्हणत होता, आणि शेजारच्याच आलेखात परिणाम प्रत्येक मात्रेला सारखाच दिसत होता. थोडे थोडे बदल करून हा लेख 304 ओपन ॲक्सेस (वाचायला मोफत) जर्नलांना गेला. 157 जणांनी स्वीकारला, 98 जणांनी नाकारला. स्वीकारणाऱ्यांत भारतातून चालवली जाणारी जर्नलं सर्वाधिक होती. त्याआधी 2005 मध्ये एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी संगणकाकडून शब्द जुळवून लिहून घेतलेला लेख एका परिषदेने स्वीकारला होता. तो प्रोग्रॅम त्यांनी सगळ्यांसाठी खुला केला. परिणाम असा की 2014 मध्ये स्प्रिंगर आणि आयईईई या प्रकाशकांना त्यातून निघालेले 120 हून अधिक संगणकशास्त्रीय लेख मागे घ्यावे लागले.

ही दुय्यम दर्जाची ठिकाणं आहेत असं कुणी म्हणेल, तर यान हेन्ड्रिक शोन यांचं उदाहरण घ्या. बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधन संस्थेतला तरुण भौतिकशास्त्रज्ञ, ‘सायन्स’ आणि ‘नेचर’मध्ये ओळीने लेख. जगातल्या सर्वांत कडक समजल्या जाणाऱ्या परीक्षणातून ते गेले. वेगवेगळ्या प्रयोगांच्या आलेखांमधला गोंगाट, म्हणजे जो प्रत्येक वेळी वेगळा यायलाच हवा तो बारीक कंप, हुबेहूब सारखा आहे हे इतर भौतिकशास्त्रज्ञांच्या लक्षात आलं ते लेख छापून आल्यानंतर. 2002 मध्ये चौकशी समितीने गैरप्रकार सिद्ध झाल्याचं सांगितलं. म्हणून भौतिकशास्त्र थोतांड आहे असं कुणी म्हणालं नाही, आणि म्हणूही नये. ज्ञानाची खरी तपासणी छपाईच्या आधी होते त्यापेक्षा कितीतरी जास्त छपाईनंतर होते. हा नियम भौतिकशास्त्राला लावायचा आणि समाजशास्त्राला लावायचा नाही, हे न्यायाचं नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं विधान: “सामाजिक शास्त्रांतल्या थिअरीला कसोटीच नसते.” हे म्हणणाऱ्या मराठी माणसाला मी एकच निबंध वाचायला सांगेन. 9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्राचे अभ्यासक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. प्रयोगशाळा नाही, आकडेमोड जवळपास नाही. निखळ सैद्धान्तिक मांडणी आहे.

आंबेडकर आधी सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या अभ्यासकांनी केलेल्या जातीच्या व्याख्या तपासतात. केतकरांची त्यांना सर्वांत जवळची वाटते, पण तिच्यातलाही दोष ते दाखवतात: जातीबाहेर लग्नाला बंदी आणि सदस्यत्व जन्माने, ही केतकरांनी दोन लक्षणं म्हणून दिली आहेत, प्रत्यक्षात ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. मग ते प्रश्न विचारतात. गटाला आतल्या आतच लग्नं करायची असतील, तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळती राहायला हवी. नवरा किंवा बायको मेली की एक माणूस उरतो. उरलेली विधवा गटाबाहेर लग्न करू शकते, किंवा गटातच करून दुसऱ्या मुलीचा वर कमी करू शकते. उरलेल्या विधुराचाही तोच प्रश्न, फक्त तो गटाला हवा असतो. म्हणजे तिच्यासाठी सती किंवा सक्तीचं वैधव्य, त्याच्यासाठी संन्यास किंवा अजून लग्नाच्या वयात न आलेली मुलगी. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथांची उदात्त स्पष्टीकरणं बाजूला सारून आंबेडकर दाखवतात की ही बंदिस्त विवाहगट टिकवण्याची साधनं आहेत.

याला कसोटी आहे का? निबंधातच आहे. ही बंदिस्ती ब्राह्मणांपासून सुरू झाली आणि बाकीच्यांत अनुकरणाने पसरली असेल, तर जवळच्या जातींत तिन्ही प्रथा दिसायला हव्यात, थोड्या लांबच्यांत वैधव्य आणि बालविवाह, आणखी लांबच्यांत फक्त बालविवाह. आंबेडकर तशी उतरण दाखवतात. हे चित्र चुकीचं निघालं तर सिद्धान्त अडचणीत येतो. कुणीही गावोगाव जाऊन पडताळावं असंच हे विधान आहे. त्यावर आक्षेप घेता येतात, घेतलेही गेले आहेत, पण ‘जड शब्दांची उतरंड’ कुठे आहे यात?

रिस्लेचा सिद्धान्त कसा पडला तेही पाहा. 1901 च्या जनगणनेचा हा आयुक्त म्हणायचा की जातीची पायरी नाकाच्या मापावरून कळते, कारण जात म्हणजे वंश. अंगाला पट्टी लावून मोजलेला, आकड्यांनी भरलेला, दिसायला अगदी ‘वैज्ञानिक’ सिद्धान्त. मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1932 मध्ये मोजमापं प्रांताप्रांतानुसार मांडून पाहिली. उत्तरेतला हिंदुस्थानचा पट्टा सोडला तर ते नातं टिकत नव्हतं. पुढे 1948 मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना आंबेडकरांनी घुर्यांचीच मापं वापरून वंशाची कल्पना नाकारली. आकडे रिस्लेकडेही होते. कमी होती ती विचारांची शिस्त, आणि ती सामाजिक शास्त्रांनीच पुरवली.

दुर्बोध लिखाणाची तक्रार मात्र मला मान्य आहे. साध्या विचाराला अवघड पोशाख चढवून प्रतिष्ठा मिळवण्याची खोड या विषयांत आहे, मराठी समीक्षेतही आहे. ती सोडायलाच हवी.

उरला पैशाचा मुद्दा. आपल्याकडे खरा रोग कुठे आहे हे त्या मजकुरात येतच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) 2009 च्या नियमांनी पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापणं सक्तीचं झालं, 2010 पासून प्राध्यापकांच्या बढतीला प्रकाशनांचे गुण जोडले गेले, आणि पैसे घेऊन वाट्टेल ते छापणाऱ्या जर्नलांचा बाजार भरला. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसह यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली 1,009 जर्नलं तपासली. 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष दिला: 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 जर्नलं यादीतून काढली. ही यादी सगळ्याच विषयांची होती, विज्ञानाचीही. प्रकाशनाची सक्ती 2022 मध्ये उठली, त्या जुन्या यादीच्या जागी आलेली यूजीसीची केअर यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली, आणि कोणतं जर्नल धरायचं हा निर्णय आता पुन्हा विद्यापीठांकडे आला आहे. निवड समित्यांनी उमेदवाराच्या शोधनिबंधांची संख्या मोजणं थांबवून त्याचे दोन निबंध मुळातून वाचावेत आणि मुलाखतीत त्यांतल्या युक्तिवादावरच प्रश्न विचारावेत. याला वाढीव अनुदान लागत नाही.